गाठ सुटली नव्हती

४ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र हातात पडलं. पोस्टमन खालूनच ओरडला, "आजी, नातीचं!" आणि मी चष्मा न घेताच जिना उतरायला लागले. तर तुझी आई म्हणते, "अहो, पडाल, आणि मग ते पत्र मलाच वाचून दाखवावं लागेल." बोलणं बघ. मनानं वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. फोनवर मला कुणाचंच ऐकू येत नाही, नुसती खरखर, म्हणून माझी नात मुद्दाम कागदावर लिहिते, हे मी खालच्या मजल्यावर सगळ्यांना सांगून आले. काहींना आधीच ठाऊक होतं, त्यांनाही परत सांगितलं.

तू पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडतेस, कुणाच्या बापाला भीत नाहीस, याचा मला फार आनंद आहे. स्वतःच्या बापाला थोडं भी, तो रोज रात्री नकाशा उघडून बसतो. मी या खोलीतून त्या खोलीत गेले तरी मला विचारतात कुठं निघालात. माझ्या वाटणीचं तू हिंड. पायांना तेल लाव. मोजे रोज धू. मला तुझी खोड माहीत आहे, उलटे करून परत घालतेस.

आता कामाचं लिहिते, नाहीतर मी इकडचं तिकडचं करत बसते आणि कागद संपतो.

माझा पाठचा भाऊ बारक्या तुला ऐकून माहीत असेल. तोच तो, पाट्या रंगवणारा. त्याचं नाव घरात कुणी काढत नाही, म्हणून तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. तुझा बाप तेव्हा शाळेत जात होता. कारखाना बंद पडून तुझे आजोबा घरी बसलेले. तेव्हा बारक्याच म्हणाला, "दाजी, चला माझ्याबरोबर, रंगाचा डबा तरी धरा." कापडाच्या एका दुकानाची मोठी पाटी होती, उंचावर. गच्चीवरून दोन दोर सोडून त्यांना फळी बांधलेली. गाठी बारक्यानं मारलेल्या. हा रंग आणायला खाली उतरला आणि वरून तुझे आजोबा खाली आले.

तुझे आजोबा गेले तेव्हा दवाखान्यात बारक्या दाराशी उभा होता. आत आला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, माझी गाठ सुटली." आणि गेला तो गेलाच.

गाठ सुटली नव्हती गं. फळी मोडली होती. आतून पोखरलेली होती, मधोमध मोडली. दुकानातल्या माणसानं नंतर घरी येऊन मला सांगितलं, की दोर उतरवताना त्या गाठी काही केल्या सुटेनात, शेवटी सुरीनं कापाव्या लागल्या. पण तोवर बारक्या कुठल्या मुलखात होता देव जाणे. म्हणजे इतकी वर्षं तो माणूस ती गाठ गळ्यात घेऊन जगतोय.

आणि आता ऐक. आपल्या इमारतीतला बसचा ड्रायव्हर, तोच तो, ज्याची बायको जिन्यात कपडे वाळत घालते आणि आपल्या डोक्यावर पाणी गळतं, तो परवा म्हणाला, की तू सध्या राहतेस तिथून पुढं, बस जिथं संपते त्या गावात, स्टँडमागच्या शेडमध्ये एक म्हातारा पेंटर गाड्यांच्या पाट्या रंगवतो. बोलतो आपल्यासारखं. आणि मूळ गाव कुठलं विचारलं की पाणी प्यायला उठतो. दुसरा कोण असणार?

तू जा. डोक्यावर केसांचं टोपलं, गालाला खळी, हसला की अख्खी इमारत जागी होते. बारक्या पेंटर म्हणून विचार. आणि एक बजावते, गाठीचं तू बोलायचं नाहीस. ते मी माझ्या तोंडानं सांगणार. ते ऐकताना त्याचा चेहरा मला बघायचाय. तू एवढंच म्हण, ताईनं बोलावलंय.

मी आजच त्याच्यासाठी उशीला नवा अभ्रा घातला. तुझी आई विचारत होती कुणासाठी. म्हटलं, डोक्यासाठी.

तुझ्यावर जीव टाकणारी,
आजी

१३ फेब्रुवारी

आजी,

जाऊन आले. आधीच सांगते, बातमी चांगली नाही, म्हणून थोडं सावकाश वाच.

सकाळची बस. तिला बस म्हणायचं कारण एवढंच की तिला चाकं होती. मी चढायच्या आधीच ती भरली होती, आणि माझ्यानंतर अजून तेवढीच माणसं चढली. माझी सॅक दारात अडकली. मी आत, सॅक बाहेर. मागून एक बाई म्हणाली, "अगं ए, पाठीवर घर घेऊन निघालीस, मग गाडीत कशाला येतेस, त्याच्यातच राहा की!" सगळी बस हसली. कंडक्टर म्हणाला, "गोगलगाईचं तिकीट वेगळं." मग त्याच बाईनं ढुंगणाला धक्का देऊन मला आत ढकललं आणि पुढचा सगळा रस्ता माझा दंड धरून उभी राहिली, मी पडू नये म्हणून.

कंडक्टरचं चालूच होतं, "पुढं सरका, पुढं सरका, पुढं पण बसच आहे, खड्डा नाही." पुढं एक कोंबड्यांची टोपली होती, एक शिवणयंत्र होतं आणि शिवणयंत्रावर बसलेली एक नवरी होती. म्हणजे लग्न झालेलं होतं की व्हायचं होतं ते कळलं नाही, पण रडत होती. तिला कुणीच काही विचारलं नाही. एक म्हातारा माझ्या सॅकवर डोकं टेकून झोपला. मी हललेसुद्धा नाही. बाहेर नुसती धूळ, बंद पडलेल्या वीटभट्ट्या, आणि कुठंच न पोचणारे फाटे. प्रत्येक फाट्यावर एक माणूस उतरायचा आणि चालायला लागायचा, आणि त्याचं घर कुठं दिसायचं नाही. आजी, तू म्हणतेस माझ्या वाटणीचं हिंड. मला त्या बसमध्ये पहिल्यांदा वाटलं, की हिंडणारे आम्ही फार थोडे. बाकीच्यांना नुसतं जावं लागतं.

उतरले तेव्हा दुपार टळली होती. स्टँडमागं पत्र्याची शेड आहे, ड्रायव्हरनं सांगितलं तशीच. आत एक म्हातारा बसला होता. पण बारकेआजोबा नव्हते. डोक्यावर एक केस नाही, छातीपर्यंत दाढी, खळी असली तरी दिसणार कुठून. हसण्याचं तर नावच नको, खोकत होता. बिचाऱ्याचं वय झालं असावं. मांडीवर पाटी घेऊन गावाचं नाव रंगवत होता, तेही शेवटच्या अक्षरापासून. वरची रेघ ओढलेली, खाली डावीकडं सगळं कोरं, आणि उजव्या टोकाला शेवटची दोन अक्षरं लोंबत होती. मला वाईट वाटलं.

विचारलं, "इथं बारक्या पेंटर असतात का?"

ब्रश थांबला. म्हणाला, "होता. गेला."

"कुठं?"

"पेंटर माणूस. जिथं भिंत तिथं."

मग त्यानं विचारलं, कुणी पाठवलं. म्हटलं, आजीनं. तो म्हणाला, "आहेत होय आजी?" म्हटलं, चांगल्या ठणठणीत आहेत, अजून सुई ओवतात. डबा पालथा घालून मला बसायला दिला, पाणी दिलं, तोंड सुकलंय म्हणाला, जेवलीस का म्हणाला. मग एकदम विचारलं, "त्यांचा काही निरोप आहे का? तो परत आलाच तर सांगीन."

मी तुझं ऐकलं, आजी. म्हटलं, "बोलावलंय त्यांना. बाकी जे आहे ते भेटल्यावर, समोर बसवूनच सांगणार आहे म्हणाली."

तो म्हणाला, "हं. असलं समोर बसवूनच सांगायचं असतं."

परतीच्या गाडीत त्यानं मला जागा धरून दिली. खिडकीतून एक ओली पाटी सीटवर ठेवली, मग कुणाची बसायची हिंमत होते! मी बसले, त्यानं पाटी काढून घेतली. गाडी हलेपर्यंत तो तिथंच उभा होता. चांगला होता म्हातारा.

तू उशीचा अभ्रा काढून ठेवू नकोस. मी अजून शोधते. उद्यापासून आठवडाभर आम्ही काही जणं डोंगरात जातोय, तिथं पत्र पोचणार नाही, पण आल्याबरोबर बघते.

तुझीच,
भिंगरी

(मोजे धुतले.)

१७ फेब्रुवारी

अगं भिंगरे, भिंगरे, तोच तो!

तोच माझा बारक्या! मी तुझं पत्र वाचून स्वयंपाकघरात ओरडले तर तुझ्या आईच्या हातातून चमचा पडला. तिला वाटलं मला काही झालं. म्हटलं, झालंय, मला भाऊ झालाय!

मी मेली वेंधळी. तुला केस सांगितले, खळी सांगितली, आणि खरी खूण सांगितलीच नाही. कारण मला काय माहीत ती खूण आहे! मला आयुष्यभर वाटत आलं की सगळेच पेंटर शेवटून लिहितात. आज दुपारी कोपऱ्यावरच्या पेंटरला जाऊन विचारलं. तो माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, "आजी, तसं कोण लिहितं?"

बारक्या लिहितो. त्याची पहिलीच पाटी होती, एका बेकरीची. पोरानं सुरुवातीची अक्षरं अशी ऐसपैस काढली, हातपाय पसरून, की शेवटच्या अक्षराला जागाच उरली नाही. ते बिचारं कोपऱ्यात उकिडवं बसलेलं. बेकरीवाल्यानं पाटी आमच्या दारात आणून आपटली, आमच्या बापानं बारक्याला आपटलं. तेव्हापासून त्यानं ठरवलं, शेवटच्याला आधी बसवायचं, पुढारी लोक काय, आपली जागा करून घेतात. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं एकेक अक्षर मागून पुढं लावत यायचा. मी शेजारी उभी राहून बघायची. माझी शाळा सुटली त्यानंतर मला जी काही अक्षरं आली ती त्याच्या पाट्यांवरून. तू म्हणतेस तुला वाईट वाटलं. मला वाचताना रडू आलं, पण सुखाचं.

आणि मेला खोटारडा! "होता, गेला" म्हणे! लहानपणी साखर खाऊन तोंड पुसायचा आणि म्हणायचा, बारक्या घरात नाही. तस्साच आहे. तुला पाणी दिलं ना? जागा धरून दिली ना? आपल्या माणसाशिवाय कोण करतं एवढं?

पण ती निरोपाची ओळ मी फिरून फिरून वाचली. आधी मला हसू आलं, मग हसू येईना. "समोर बसवूनच सांगणार" असं तू म्हणालीस, मीच सांगितलं होतं तसं. त्याला काय वाटलं असेल गं? त्याला वाटलं असेल, म्हातारी इतकी वर्षं शिव्या साठवून बसलीय.

तेव्हा आता माझं तोंडबिंड राहू दे. हे पत्र मिळालं की उभ्या पायांनी निघ. त्याच बसनं जा, लोंबकळत जा, पण जा. शेडमध्ये शिरल्याबरोबर, नमस्कार नाही, चमत्कार नाही, आधी सांग: गाठ सुटली नव्हती, फळी मोडली होती. मग काय तो चहा पी.

तू डोंगरात आहेस हे मला आठवतंय. डोंगराला पण आत्ताच यायचं होतं.

आजी

२ मार्च

आजी,

तुझं पत्र मला परत आल्यावर मिळालं. आठवडा म्हणून गेलो होतो आणि वर रस्ता खचला, त्यात जास्त दिवस गेले. इथं ते टेबलावर पडून होतं. वाचलं आणि सॅकसुद्धा न घेता निघाले.

या वेळी दारात काही अडकलं नाही. उभ्यानं गेले, आणि सगळा रस्ता ते वाक्य तोंडात धरून गेले. कंडक्टरनं तिकीट कुठलं विचारलं तर तेच बाहेर पडलं असतं.

शेडला कुलूप आहे, आजी.

स्टँडवर एक चहावाली आहे. तिनं मला ओळखलं. "तूच ना ती पाठीवर घर घेतलेली?" म्हणाली. मग स्टोव्ह बारीक करून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, मी पहिल्या वेळी परत गेले त्या संध्याकाळी बारकेआजोबांनी हातातली पाटी पुरी केली. ब्रश धुतले. उरलेल्या रंगाचे डबे स्टँडच्या वॉचमनला दिले, त्यानं त्यातून घराचं दार रंगवलं, ते मला दाखवलं, हिरवं आहे. चहावालीनं त्यांना विचारलं होतं, पोरगी कोण. तर म्हणाले, "माझ्या बहिणीची नात." तिनं म्हटलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, "ज्या घरातला माणूस मी वरून खाली पाडला, त्या घरातलं लेकरू माझ्या हातचं पाणी पिऊन गेलं. एवढं पुरे. आता ताई स्वतः यायच्या आत निघायला हवं. तिच्यासमोर बसायची माझी छाती नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिसले नाहीत. कुठल्या गाडीनं गेले, कुणी बघितलं नाही. तिथून चार दिशांना गाड्या जातात. मी दोन दिशांना जाऊन आले. शेवटच्या थांब्यापर्यंत. प्रत्येक स्टँडवर जाऊन शेड बघितली. सगळ्यांच्या पाट्या आता छापून येतात, आजी. पेंटर कुणाला लागतच नाही. चहावाली म्हणत होती, त्यांनाही काम नव्हतंच, जुन्या पाट्या परत परत रंगवत बसायचे.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तू नको म्हटलंस तरी. त्यांनी विचारलं होतं मला, निरोप आहे का. मी त्यांच्यासमोर डब्यावर बसून त्यांचं पाणी पीत होते आणि माझ्याकडं होता तो निरोप. आणि मी हसून 'भेटल्यावर' म्हटलं.

मला आता पुढं कुठं जावंसं वाटत नाही. घरी येऊ का?

भिंगरी

१५ मार्च

भिंगरे,

उत्तराला उशीर झाला. हात दुखत होता असं मी तुझ्या आईला सांगितलं, तुला कशाला खोटं सांगू. लिहायला बसले की अक्षर उमटेना. जेवणाला चव नाही. खिडकीत बसून होते. खाली ड्रायव्हरची बायको कपडे वाळत घालत होती, तिला मी त्या दिवशी काही बोललेसुद्धा नाही, तर ती घाबरून वर आली, आजी बऱ्या आहेत ना म्हणून.

तुझी आई नुसती रोज माझ्याजवळ येऊन बसते, भाजी निवडते. काल म्हणाली, "तुम्ही मलाही कधी सांगितलं नाहीत." म्हटलं, तू विचारलं नाहीस. म्हणाली, "तुमच्या घरात विचारायची सोय आहे का?" बरोबर बोलली.

तू रडू नकोस. तुझ्या तोंडाला कुलूप मीच लावलं होतं. मला वाटलं, इतकी वर्षं जपलेली गोष्ट, ती दुसऱ्याच्या हातून कशाला द्यायची, आपणच घास भरवावा. घास हातातच राहिला आणि पोरगं पानावरून उठून गेलं.

आणि घरी येऊ नकोस. आत्ता नको. तुझ्याकडं काम आहे.

मी खूप विचार केला, म्हणजे माझ्या डोक्याला जमतो तेवढा. त्याला शोधायला गेलं की तो पळतो. तू गेलीस तर पळाला, मी गेले तर अजून लांब पळेल, आता वय झालं, कुठं पडेल. तेव्हा शोधायचं नाही. मुळीच नाही. बारक्या पेंटर कुठं आहे, हा शब्द काढायचा नाही. नुसती गोष्ट सोडून द्यायची. बसमध्ये तुझ्या शेजारी जी कुणी बसेल, दंड धरून उभी राहील, तिला सांगायचं: एक पेंटर होता, त्याला वाटलं आपली गाठ सुटली आणि माणूस पडला, पण गाठ सुटली नव्हती, फळी मोडली होती. नाव नको, गाव नको. ओळख लागली की लोक गप्प बसतात. परक्याची भानगड असली की कशी जपून, तिखटमीठ लावून पुढं नेतात! कंडक्टरला सांग, तो रोज शंभर जणांशी बोलतो. चहावालीला तर आधी सांग. बारक्या कुठंही असला तरी चहा पिणारच. कधीतरी, कुठल्यातरी फाट्यावर, कुणीतरी दुसऱ्या कुणाला सांगत असेल आणि हा बाजूला बसून ऐकेल. तेव्हा मी समोर नसेन. नसू दे. चेहरा नाही बघायला मिळाला तर नाही.

मी इकडून सुरुवात केली आहे. पोस्टमनला सांगितलं. ड्रायव्हरला सांगितलं, तो म्हणाला लांबच्या गाडीवर असतो तेव्हा सांगत जाईन, त्याच्या बायकोनं आता कपडे कुठंही वाळत घालावेत. कोपऱ्यावरच्या पेंटरला सांगितलं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दूधवाल्याच्या रांगेत सांगितलं. तुझा बाप चिडला, म्हणाला, लोक हसतात, आई, त्यांना वाटतं तुझं डोकं फिरलंय. म्हटलं, हसू देत, हसताना तरी सांगतील.

आज सकाळी भाजीवालीला सांगायला लागले तर ती म्हणाली, "आजी, कालच सांगितलंत की."

म्हटलं, "हो, मग तू कुणाला सांगितलंस?"

आजी